सीआरपी सहा, फायब्रिनोजेन चारशे साठ आणि पोटरीतला गोळा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात मांडतो, म्हणजे माझी समजायला चूक झाली असेल तर तुम्हाला कळेल. वडील ५८ वर्षांचे, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत तीस वर्षं मोल्डिंगला, रोज विडीचं एक बंडल, दोन वर्षांपूर्वी फुंकायच्या टेस्टमध्ये सीओपीडी, म्हणजे धुरानं श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन दम लागायचा आजार, निघाला, आता विड्या पाच-सहावर आणल्यात. तुम्ही लॅबचं एक मोठं पॅकेज करून घेतलं, त्यात एचएस-सीआरपी (अंगात सूज किंवा जंतूंशी लढाई चालू असली की रक्तात वाढणारं प्रोटीन) ६.२, फायब्रिनोजेन ४६०, पांढऱ्या पेशी ११,२००, हिमोग्लोबिन १७.४ आलं, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल ११८, शुगर ठीक. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ, की जोतिबाला पायऱ्या चढताना डाव्या पोटरीत गोळा आल्यागत होतंय, थांबलं की जातंय. विचारताय की हे आकडे म्हणजे हार्ट अटॅकची लक्षणं का, अजून कुठल्या रक्ताच्या टेस्ट करू, आणि विडी सुटली की आकडे खाली येतात का.

आकड्यांवर येतो, पण आधी हे सांगू द्या की चारही आकड्यांपेक्षा मला ती पोटरीची ओळ जास्त खटकली. वीस-बावीस वर्षं कोल्हापुरात छातीचे पेशंट बघतोय आणि दर वेळी हेच होतं, पेशंट दमाचं सांगतो, पोरं रिपोर्टचं विचारतात आणि पायाचं निघतं कधी, तर बाहेर जाऊन चप्पल घालताना परत आत डोकावून, "डॉक्टर, पायात जरा वात भरतोय बघा." त्यावर एखादी बी-ट्वेल्व्हची गोळी लिहून मोकळं होणं लय सोपं असतं, सुरुवातीच्या वर्षांत मीही केलंय.

आता फुप्फुस आणि पाय यांचा संबंध काय. धूर छातीत जातो हे सगळ्यांना पटतं, तो पोटरीच्या रक्तवाहिनीपर्यंत कसा पोचतो ते कुणी नीट सांगत नाही. विडीचा धूर बारीक श्वासनळ्यांत आणि वायुकोशांत बसला की तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी तो गिळतात आणि चिडतात, आणि चिडल्या की इंटरल्युकिन-६ सारखे निरोपे रक्तात सोडतात. हा निरोप लिव्हरला मिळतो. लिव्हरला काय कळतंय विडी आहे का न्यूमोनिया, त्याला वाटतं कुठंतरी जंतू घुसलाय, म्हणून ते लढाईचा माल काढायला लागतं, त्यातलाच एक सीआरपी आणि दुसरा फायब्रिनोजेन. सीआरपी १९३० साली सापडलं तेच मुळी न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात, न्यूमोकोकस जंतूच्या 'सी' नावाच्या भागाला ते चिकटायचं म्हणून तसं नाव. म्हणजे खरं तर चार दिवसांच्या लढाईची ही सोय, ती तुमच्या वडिलांच्या अंगात तीस वर्षं चालू आहे. फायब्रिनोजेनचं तर अजून वाईट, कारण गुठळी ज्या धाग्यांची बनते त्या धाग्यांचा तो कच्चा माल आहे. तो रक्तात जास्त असला की रक्त घट्ट होतं, प्लेटलेट एकमेकींना चिकटायला उत्सुक होतात, आणि धुरामुळं रक्तवाहिनीचं आतलं अस्तर आधीच खरखरीत झालेलं असतं.

दुसरी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. फुप्फुसाचे फुगे आणि मोठ्या रक्तवाहिन्या, दोन्हीत एकच रबर वापरलंय, इलास्टिन. आपल्याच पांढऱ्या पेशी एक एन्झाइम सोडतात जे हे रबर खातं, त्याला आवर घालायला अल्फा-वन अँटिट्रिप्सिन नावाचं प्रोटीन रक्तात फिरत असतं, आणि विडी-सिगरेटचा धूर नेमकं या राखणदाराला निकामी करतो. रबर तुटलं की त्याचे तुकडे रक्तात येतात, त्यातल्या एकाचं नाव डेस्मोसिन. आम्हाला वाटायचं की डेस्मोसिन वाढलं म्हणजे फुप्फुस झडतंय. एक्लिप्स नावाचा मोठा अभ्यास झाला, दोन हजारांवर सीओपीडीचे पेशंट तीन वर्षं बघितले, आणि त्यांच्या रक्तातलं डेस्मोसिन तपासल्यावर निघालं असं की त्यावरून फुप्फुस किती वेगानं झडणार ते सांगता येत नाही, पण हृदयविकार आणि मृत्यू यांच्याशी मात्र त्याचा संबंध लागतो. वडील फाउंड्रीतले आहेत म्हणून त्यांच्या भाषेत सांगायचं तर आवारात भंगार पडलंय, आम्ही समजत होतो पहिल्या मशीनचं आहे, त्यातलं बरंच दुसऱ्या मशीनचं असावं. ही टेस्ट नेहमीच्या लॅबमध्ये होत नाही, शोधत बसू नका. सांगायचं कारण एवढंच की छातीचा डॉक्टर वेगळा आणि हार्टचा वेगळा ही सोय आमची आहे, रोग एकच आहे.

बरं, आता ६.२ चं काय करायचं. एचएस-सीआरपी एकच्या आत असेल तर हार्टच्या दृष्टीनं धोका कमी, एक ते तीन मध्यम, तीनच्या वर जास्त असं साधारण धरतात, आणि दहाच्या वर गेला तर तो आकडा हार्टसाठी वाचायचाच नाही, कुठंतरी इन्फेक्शन आहे म्हणायचं आणि बरं झाल्यावर परत करायचं. सहा म्हणजे जास्तच, पण वडील म्हणतात तसं "सर्दी होती त्या आठवड्यात" असेल तर त्यांचंही चूक नाही. सीआरपी रक्तात निम्मं व्हायला साधारण १९ तास लागतात, म्हणजे सर्दी-ताप गेल्यावर आठवडाभरात ते खाली यायला पाहिजे. दोन आठवडे थांबा, ठणठणीत असताना परत एकदा करा, पुन्हा पाच-सहाच आलं तर सर्दीचं निमित्त संपलं. आणि हो, हिरड्या बघा त्यांच्या. तंबाखूवाल्यांच्या हिरड्यांतून रक्त-पू येत असतो आणि तो एकटा सीआरपी वाढवून ठेवतो, पोट सुटलेलं असेल तर तेही वाढवतं.

उलट बाजूही ऐका. त्याच एक्लिप्समध्ये वर्षभराच्या अंतरानं दोनदा रक्त तपासलं तेव्हा साधारण १६ टक्के सीओपीडी पेशंटच्या रक्तात सूज, म्हणजे हाच सीआरपी-फायब्रिनोजेनसारखा लढाईचा माल वाढलेला, दोन्ही वेळेला ठाम होती, आणि साधारण ३० टक्क्यांच्या रक्तात काहीच नव्हतं. खोकून बेजार, पण रक्त स्वच्छ. माझ्याकडं निपाणीकडचे एक गृहस्थ यायचे, तंबाखूच्या धंद्यातलेच, त्यांचा सीआरपी ०.८ आला तर तो कागद पाकिटात घडी करून ठेवला आणि बायको बोलायला लागली की काढून दाखवायचे. लायसन्सच झालं म्हणा ना. दीड वर्षानं पायाचं बोट काळं पडून आले. म्हणून आकडा वाढला तर काहीतरी कळतं, आकडा नॉर्मल आला तर काहीच सिद्ध होत नाही, हे पक्कं धरा.

आणि सीआरपी 'खाली आणायचं' औषध मागू नका, हळदीच्या कॅप्सूल पण नकोत. २००८-०९ च्या सुमारास कोपनहेगन आणि लंडनच्या लोकांनी एक हुशारीचं काम केलं, ज्यांना जन्मतःच, जीन्समुळंच सीआरपी जास्त असतं अशा लोकांना बघितलं, तर त्यांच्यात हार्टचा आजार त्या प्रमाणात वाढलेला नव्हता. म्हणजे सीआरपी नुसता निरोप्या, त्याला गप्प करून उपयोग नाही. पण जिथून निरोप निघतो ती सूज मात्र खरी आहे, कारण २०१७ साली कँटोस नावाची दहा हजार पेशंटची ट्रायल आली, त्यात कॅनाकिनुमॅब या इंजेक्शननं कोलेस्टेरॉलला हातही न लावता सूज कमी केली आणि हार्ट अटॅक वगैरे १५ टक्क्यांनी घटले. मग ते देत का नाहीत, तर जीवघेणी इन्फेक्शन्स वाढली. सूज सरसकट दाबली की शरीर जंतूंपुढंही दबतं, आणि सीओपीडीच्या माणसाला इन्फेक्शन परवडतच नाही.

फायब्रिनोजेन ४६० हा जरा जास्त भरवशाचा आकडा, कारण तो सीआरपीसारखा रोज वर-खाली उड्या मारत नाही. नॉर्मल २०० ते ४००. अमेरिकेच्या एफडीएनं २०१५ मध्ये सीओपीडीच्या औषधांच्या ट्रायलसाठी कुणाला निवडायचं, म्हणजे कुणाची तब्येत जास्त बिघडायची शक्यता आहे, ते ठरवायला फायब्रिनोजेन मान्य केलं, आणि त्यात साधारण ३५० च्या वर धोका जास्त असं धरलं जातं. पण लक्षात घ्या, हे ट्रायलमध्ये हजार माणसं निवडायला. एका माणसाला आज कुठली गोळी द्यायची ते यावरून ठरत नाही.

हिमोग्लोबिन १७.४. यावर घरात काय झालं असेल ते मी न विचारता सांगतो, वडील खुश झाले असणार. आपल्याकडं तालमीच्या गावात रक्त जास्त म्हणजे कौतुकच, "सतरा रक्त हाय डॉक्टर, पैलवानाचं हाय" असं मला एकानं दंड थोपटून सांगितलं होतं. हे पैलवानाचं रक्त नव्हे हो. विडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट धरतो. न पिणाऱ्याच्या रक्तात असं अडकलेलं हिमोग्लोबिन एक-दोन टक्के, रोज पिणाऱ्याच्यात पाच ते दहा टक्के. तेवढं हिमोग्लोबिन कामातून गेलं, ऑक्सिजन कमी पडला, म्हणून शरीर जास्त रक्त बनवतं, आणि सीओपीडीमुळं ऑक्सिजन आधीच कमी असेल तर दुप्पट कारण. घट्ट रक्त, त्यात फायब्रिनोजेन जास्त, आणि पुढं अरुंद झालेली नळी. अजून एक, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विडी पिणाऱ्याच्या बाबतीत फार विसंबू नका, त्या यंत्राला ऑक्सिजनवालं रक्त आणि मोनॉक्साइडवालं रक्त यातला फरक कळत नाही, दोन्ही लालच दिसतं त्याला. ९७ दाखवलं म्हणून खरंच ९७ असेल असं नाही. विडी पूर्ण थांबवून दोन-तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन परत करा, खाली आलं नाही तर रात्री झोपेत ऑक्सिजन पडतोय का, घोरतात का, हे आणि रक्ताची बाकी कारणं बघावी लागतील.

पांढऱ्या पेशी ११,२००, विडी पिणाऱ्यात हे नेहमीचं, त्यासाठी अँटिबायोटिक घेऊ नका. पण त्याच सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या साध्या टेस्टच्या कागदावर एक फुकटचा आकडा पडलाय जो तुम्ही लिहिलेला नाही, इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचे टक्के. समजा तीन टक्के असले तर ११,२०० चे तीन टक्के म्हणजे ३३६. हा आकडा तीनशेच्या वर असेल तर वारंवार छाती बिघडणाऱ्या सीओपीडी पेशंटला इनहेलरमधल्या स्टेरॉइडचा चांगला फायदा होतो, शंभरच्या खाली असेल तर फारसा नाही, उलट न्यूमोनियाचा धोका वाढतो. आपल्याकडं जंतांमुळंही तो वाढतो हे डोक्यात ठेवायचं. एवढ्या महागड्या पॅकेजमध्ये उपचार बदलू शकेल असा हाच एक आकडा, आणि तो साध्या सीबीसीत मिळतो!

आता पोटरी. चालल्यावर ठराविक अंतरावर पोटरी आवळते, उभं राहिलं की दोन-चार मिनिटात सुटते, परत तेवढंच चाललं की परत. हे वाताचं नव्हे, पायाच्या रक्तवाहिनीत अडथळा आहे असंच धरून चालायचं, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. सीओपीडीच्या माणसात हे लपून बसतं, कारण पाय दुखायच्या आधी दम लागतो आणि तो थांबतो. पाय कधी उघडा पडतो माहितीय, इनहेलर लागू पडला की. माणूस जास्त चालायला लागतो, रंकाळा तलावाला अर्धी फेरी मारायचा तो पूर्ण मारायला जातो आणि मग पोटरी बोलायला लागते. घरच्यांना वाटतं इनहेलरनं पाय दुखायला लागले, बंद करतात. दोन वर्षांत तुमच्या वडिलांचं असंच झालं असेल तर मला नवल वाटणार नाही.

याची टेस्ट रक्ताची नाहीच. बीपीचा पट्टा आणि हातात धरायचा छोटा डॉपलर, म्हणजे नळीतल्या रक्ताचा आवाज ऐकवणारं यंत्र, लागतो, दंडातलं बीपी आणि घोट्याजवळचं बीपी मोजायचं, घोट्याचा आकडा भागिले दंडाचा आकडा. त्याला एबीआय म्हणतात. एकच्या आसपास किंवा जरा वर असायला पाहिजे, ०.९० किंवा त्याखाली आला तर पायाच्या धमनीचा आजार आहे. पंधरा-वीस मिनिटांचं काम, सुई नाही. एक सावधगिरी, बऱ्याच वर्षांचा डायबेटीस असेल तर नळ्या कडक होऊन आकडा खोटाच १.४० च्या वर जातो, तुमच्याकडं शुगर ठीक आहे म्हणून तो प्रश्न नसावा. आणि पायाची नळी तुंबलीय म्हणजे हृदयाची आणि मेंदूची पण तशाच वाटेवर आहे असं समजून उपचार करतात, म्हणून या एका टेस्टवरून जेवढं ठरतं तेवढं सीआरपी दहा वेळा करून ठरत नाही. सोबत ईसीजी, बीपी, आणि दम फुप्फुसाचा का हृदयाचा असा गोंधळ असेल तर एनटी-प्रोबीएनपी, हृदयावर ताण आला की हा आकडा वाढतो, ती रक्ताची टेस्ट मात्र कामाची आहे, १२५ च्या आत आली तर हार्ट फेल्युअरची शक्यता फार कमी.

स्टॅटिनबद्दल, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवायच्या गोळ्यांबद्दल, लोक हमखास विचारतात, कारण एलडीएल ११८ म्हणजे "नॉर्मल" छापून येतं. २००८ ची ज्युपिटर ट्रायल अशाच लोकांवर होती, एलडीएल १३० च्या आत पण एचएस-सीआरपी दोन किंवा वर, १७,८०२ माणसं, रोसुवास्टॅटिननं हार्ट अटॅक-स्ट्रोक वगैरे सगळं मिळून ४४ टक्क्यांनी कमी झालं. मग छातीवाल्यांना वाटलं सीओपीडीपण सुधारेल, म्हणून सिमवास्टॅटिनची ट्रायल केली, २०१४ ला निकाल आला, सीओपीडीचे झटके अजिबात कमी झाले नाहीत. म्हणून माझं मत असं, सीओपीडीसाठी स्टॅटिन नको, पण एबीआय कमी आला तर एलडीएल कितीही असू दे, स्टॅटिन आणि रक्त पातळ ठेवायची गोळी लागणारच, आणि ती तुमच्या डॉक्टरांनी पोटाचा-लिव्हरचा इतिहास बघून लिहायची, मेडिकलवाल्याला विचारून नव्हे.

विडी सुटली की काय काय खाली येतं. कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसात जातो. पांढऱ्या पेशी आणि फायब्रिनोजेन काही आठवड्यांत-महिन्यांत उतरायला लागतात. सीआरपी हट्टी आहे, वर्षं घेतो, आणि सीओपीडी असलेल्यात पूर्ण उतरतही नाही कधी कधी, कारण फुप्फुसातली सूज विडी गेल्यावरही धुमसत राहते. तेव्हा सहा महिन्यांनी सीआरपी पाचच आला म्हणून वडिलांनी "बघ, सोडून काय झालं" म्हटलं तर त्यांना हे सांगा. फुप्फुसाचं गेलेलं परत येत नाही पण जादा घसरण थांबते, अमेरिकेतल्या लंग हेल्थ स्टडीत अकरा वर्षांनी मोजलं तर सोडलेल्या पुरुषांची फुंकायची ताकद वर्षाला साधारण ३० मिली कमी होत होती, जी वयानं होतेच, आणि चालू ठेवलेल्यांची ६६ मिली.

पण "पाच-सहावर आणल्यात" याचं मला कौतुकही आहे आणि काळजीही. छातीला त्याचा थोडा हिशोब लागतो, रक्तवाहिनीला लागत नाही. २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १४१ अभ्यास एकत्र करून मांडलं होतं की दिवसाला वीस सिगरेटींनी हृदयाचा जेवढा जादा धोका, त्याच्या जवळजवळ निम्मा धोका दिवसाला फक्त एका सिगरेटीनं होतो. पाच विड्या म्हणजे बंडलातल्या पंचवीसच्या एक पंचमांश नुकसान, हा हिशोब हृदय मानत नाही. आणि विडी सिगरेटपेक्षा हलकी ही समजूत तर काढूनच टाका, तेंदूच्या पानातून हवा जात नाही, विझू नये म्हणून जोरात आणि वारंवार ओढावी लागते, मोनॉक्साइड जास्त. सोडायला निकोटिनचं च्युइंगगम, गोळ्या आहेत, सरकारची १८००११२३५६ ही फुकट हेल्पलाइन आहे, लाज वाटायचं कारण नाही. फक्त विडी सोडून मशेरी धरली का ते बघा. एका आजोबांची श्वासातल्या मोनॉक्साइडची तपासणी एकदम स्वच्छ, आणि रक्तातलं कोटिनिन, म्हणजे निकोटिनचा उरलेला माल, भरपूर. जळत काही नव्हतं, घासत होते.

एक राहिलं. हिवाळ्यात किंवा गुऱ्हाळं पेटल्यावर त्यांची छाती बिघडते का? कफ-धाप वाढल्यावर पहिल्या पाच दिवसांत हार्ट अटॅकचा धोका साधारण दुप्पट होतो, तेव्हा "नेहमीचाच कफ आहे" म्हणून नुसतं नेब्युलायझर देत घरी बसू नका, छातीत दाब किंवा घाम असेल तर ईसीजी आणि ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्ताची टेस्ट, त्याच दिवशी. फ्लूची लस दरवर्षी घ्या.

आणि आज संध्याकाळीच वडिलांची दोन्ही पावलं उजेडात बघा. एक पाय दुसऱ्यापेक्षा गार लागतो का, बोटांवरचे केस गेलेत का, टाचेला-बोटांच्या बेचक्यात जखम आहे का, रात्री पाय दुखून पलंगाखाली लोंबकळत ठेवून झोपतात का. यातलं शेवटचं किंवा जखम असेल तर दोन आठवड्यांनी सीआरपी वगैरे सगळं विसरा, उद्या सकाळी व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडं. काहीच नसेल तर या आठवड्यात एबीआय करा, त्यांना जोतिबाच्या पायऱ्यांऐवजी सपाट रंकाळ्यावर न्या, आणि कितव्या बाकड्याशी पोटरी आवळते ते मोजून लिहून आणा, मला किंवा तुमच्या डॉक्टरांना.